काव्यांतील मयूर

सृष्टींत सुंदर पक्षी पुष्कळ आहेत. परंतु भारतीय कवींच्या मनांत मोरानें जसें घर केलें, तसें क्वचितच दुसऱ्या एखाद्या पक्ष्यानें केलें असेल. वहीच्या पानांत मोरपीस जपून ठेवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस त्याचें रूप ठाऊकच आहे. पण त्या पक्ष्याच्या ठायीं कवींना रूपाखेरीज आणखी काय दिसलें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. तो येथें थोडक्यांत करूं.

प्रथम रूपाविषयीं. आपण ज्याला पिसारा म्हणतों तें वस्तुतः मोराचें शेपूट नव्हे. खरें शेपूट आंखूड असून, पिसारा उभारला म्हणजे तें मागून त्यास आधार देतें. पिसाऱ्याचीं लांब पिसें शेपटाच्या वरच्या बाजूस उगवलेलीं असतात. त्यांचा निळाहिरवा झळाळ हा कांहीं निळ्या रंगद्रव्याचा नव्हे. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावृत्त होऊन तो उत्पन्न होतो. म्हणूनच पीस जरा कलतें धरलें कीं रंग पालटतो. मोराचा विणीचा काळ आमच्याकडे पावसाळ्याशीं जुळतो, व त्या काळांत लांडोरीचें मन वेधण्यासाठीं तो नाचतो. पावसाळा सरल्यावर हीं पिसें गळून पडतात आणि पुढल्या हंगामापर्यंत नवीं येतात.

मेघ आणि मोर यांची ही सोबत कालिदासानें फार मार्मिकपणें टिपली आहे. ‘मेघदूतां’तील यक्षाला भीति वाटते कीं, डोंगराडोंगरावर पाणावल्या डोळ्यांनीं स्वागत करणारे मोर पाहून मेघ वाटेंतच रेंगाळेल. ‘रघुवंशां’त मृगयेस निघालेल्या दशरथाच्या घोड्याजवळून मोर उडतो, पण त्याचा पिसारा पाहून राजाला प्रियेच्या फुलें माळलेल्या केशपाशाची आठवण होते आणि बाण सुटतच नाहीं. पुढें त्याच काव्यांत अरण्यांत टाकलेल्या सीतेचा आक्रोश ऐकून मोर नाचणें थांबवितात. येथें मोर ही केवळ शोभेची वस्तु राहिलेली नाहीं. मनुष्याच्या सुखदुःखाचा तो वाटेकरी झाला आहे.

पाश्चात्य वाङ्मयांत त्याचें दर्शन निराळें घडतें. रोमन कवि ओव्हिड यानें सांगितलेल्या कथेंत, शंभर डोळ्यांचा पहारेकरी आर्गस मारला गेल्यावर देवी जूनो त्याचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर जडविते. इंग्रजी भाषेंत तर मोर हा गर्वाचा नमुनाच ठरला आहे.

आमच्या मराठी कवितेंत मात्र मोराशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें, त्या मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) गर्वाच्या अगदीं उलट वाट धरली. आपल्या नांवास अनुसरून ते कवितेंत स्वतःस ‘मयूर’ म्हणवीत. एवढा व्यासंगी पंडित. पिसाऱ्याची ऐट त्यांस सहज मिरवितां आली असती. परंतु आपल्या भक्तिकाव्यास त्यांनीं नांव दिलें तें ‘केकावलि’. केका म्हणजे मोराची हांक. ही हांक कोकिळेच्या सुरासारखी गोड नाहीं. ती कर्कश आहे. पण तींत तळमळ आहे. मोर जसा मेघाला, तसा भक्त मेघश्यामाला हांका मारतो, ही या नांवामागची कल्पना. पिसारा जगाला दाखवावयाचा असतो. केका ज्याची वाट पाहावयाची त्याच्यासाठीं असते. आमच्या मतें मोराचें खरें काव्य या हांकेंत आहे.

दिंद्रुडसारख्या गांवांत हा अर्थ कोणी फोड करून सांगावयास नको. जेथें मृग कोरडा गेला तर वर्षाचें गणित चुकतें, तेथें मेघाकडे लागलेले डोळे घरोघर आहेत. आमच्याच बीड जिल्ह्यांत, पाटोदा तालुक्यांतील नायगांव येथें १९९४ सालीं मोरांसाठीं अभयारण्य स्थापन झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ३० चौरस किलोमीटर आहे. १९६३ सालीं मोर राष्ट्रीय पक्षी ठरला, व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याच्या शिकारीस बंदी आहे. तथापि कायदा शेताच्या बांधावर उभा राहत नाहीं. मोर पेरलेलें बी वेंचतो, हें खरें. शेतकऱ्याचें नुकसान होतें, हेंही खरें. पण तोच मोर किडे व लहान साप खातो. आणि औषध चोळलेलें बी खाऊन तो मरतोही.

यासाठीं पालकांस आमची विनंति आहे कीं, पेरणीच्या वेळीं असें बी उघड्यावर सांडूं देऊं नये. विद्यार्थ्यांनींही गळून पडलेलें पीसच तेवढें उचलावें. पिसासाठीं मोराच्या मागें लागूं नये. दशरथाचा बाण ज्या रूपाला पाहून थांबला, तें रूप आमच्या शिवारांत आहे. शेतकरी आणि मोर दोघेही एकाच मेघाची वाट पाहतात. तो मेघ येईल तेव्हां त्याला हांक मारावयास मोर असला पाहिजे.