धुकं गृहीत धरून आखलेला दिवस

हेटॉरच्या कातळावर चढून उभं राहिलं की डार्टमूरची सगळी पूर्व बाजू समोर पसरते. इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हनमधला हा उघडा माळ. त्यावर ठिकठिकाणी ग्रॅनाइटचे उंचवटे उभे आहेत, त्यांना तिथे ‘टॉर’ म्हणतात. मधल्या उतारांवर ठेंगणी घोडी चरत असतात आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्रही दिसतो. उंची अवघी 457 मीटर. सह्याद्रीतल्या घाटवाटा तुडवलेल्या माणसाला वाटतं, इथे आखायचं काय? दिसतंय त्या टेकाडाकडे चालू लागायचं. ब्रिटनमध्ये राहणारी मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी अशीच निघतात, आणि मला काळजी वाटते ती याच आत्मविश्वासाची.

सह्याद्रीत कडा, सोंड, खिंड माणसाला वाटेवर धरून ठेवतात. माळावर धरून ठेवणारं काही नसतं. नैऋत्येचे ओले वारे आपल्याकडे चार महिने मुक्काम करतात, डार्टमूरवर तसे वारे अटलांटिकवरून वर्षभर येतजात असतात. ढग खाली आला की दहा पावलांपलीकडचा खडकही नाहीसा होतो. आपल्याकडे रानात चकवा लागतो, तसं डेव्हनमधले जुने लोक म्हणत की पिक्सी वाट चुकवतात, आणि त्यातून सुटायला अंगातला कोट उलटा करून घालत. म्हणून इथला दिवस आखायचा तो काहीच दिसणार नाही असं धरून. नकाशावर आधी टॉर शोधू नयेत. हाताने चाचपत जाता येईल अशा रेषा शोधाव्यात. ओढा, दगडी बांध, जुना रस्ता.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेटॉर ते हाऊंड टॉर ही फेरी सुचवेन, कारण अशा रेषा तिथे भरपूर आहेत. अंतर नऊ-दहा किलोमीटर, एकूण चढ 400 मीटरांच्या घरात. हेटॉरच्या उत्तर अंगाला जुनी खाण आहे. जॉर्ज टेम्पलर या खाणमालकाने 1820मध्ये तिथून स्टोव्हर कालव्यापर्यंत मालवाहू मार्ग बांधला, आणि त्याचे रूळसुद्धा ग्रॅनाइटचेच केले. भरलेल्या गाड्या उताराने खाली जात, रिकाम्या घोडे ओढून वर आणत. 1831मध्ये खुल्या झालेल्या लंडन ब्रिजसाठी इथला दगड गेला. तो पूल नंतर विकला गेला आणि आता अमेरिकेत ॲरिझोनात उभा आहे. खाचा पाडलेले ते दगडी रूळ मात्र गवतात अजून जागेवर आहेत. दाट धुक्यातही पायाखाली खाच लागत राहिली, म्हणजे आपण कुठे आहोत ते नकाशावर बोट ठेवून सांगता येतं.

रूळ सोडून खाली बेका ब्रुक नावाच्या ओढ्याकडे उतरायचं, पूल ओलांडायचा आणि समोरच्या ग्रेटर रॉक्सकडे चढायचं. त्यापलीकडच्या उतारावर एका मध्ययुगीन वस्तीचे पाये आहेत. 1086च्या डूम्सडे नोंदवहीत ‘हुंदातोरा’ हे नाव येतं. माणसं आणि गुरं एकाच लांबट घरात राहत, गुरांची बाजू उताराकडे, म्हणजे शेणमूत वाहून जावं. सहाशे वर्षांपूर्वीच्या सुमारास वस्ती उठली. जेवणाचा डबा इथे उघडावा, कारण भिंतींच्या आडोशाला वारा कमी लागतो आणि पुढचा निर्णयही इथेच करायचा असतो. आभाळ भरून आलं असेल तर हाऊंड टॉरच्या पायथ्याशी डांबरी रस्ता आहे, गाड्या लावायची जागा आहे. परतीचा माळ सोडून तिथे उतरता येतं. अर्ध्या वाटेवर असा रस्ता मिळणं ही या फेरीची सर्वांत मोठी सोय, आणि ती निघण्याआधीच नकाशावर खूण करून ठेवावी.

वेळेचा हिशेब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892मध्ये घालून दिला. आजच्या मापात तो असा: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय 100 मीटर चढाला दहा मिनिटं. त्याप्रमाणे ही फेरी पावणेतीन तासांत व्हायला हवी. होत नाही. टॉरच्या उतारांवर दगडांचा खच पडलेला असतो. हिमयुगात भेगांत पाणी गोठून फुटलेला तो ग्रॅनाइट, आणि त्यावर प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. पाच तास धरा. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी साडेदहाच्या आत निघालाच नाहीत तर वस्तीपाशी जाऊन मागे फिरा.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल 28, चार सेंटीमीटरला एक किलोमीटर या मापाचा. त्यावर दगडी बांधही छापलेले असतात, म्हणून हाच घ्यावा. छापील प्रत आणि होकायंत्र दोन्ही सोबत हवीत, कारण थंडीत फोनची बॅटरी झरझर उतरते. जलरोधक जाकीट उन्हाळ्यातही लागतं. चकचकीत हिरवं शेवाळ किंवा पांढरे पिंजलेले तुरे दिसले की खाली पाणी आहे असं समजून वळसा घालावा. नेच्याच्या रानातून गेलात तर घरी आल्यावर पाय, गुडघ्यांमागची घडी तपासा. तिथल्या गोचिडींमुळे लाइम हा आजार होऊ शकतो. उत्तर डार्टमूरवर लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, लाल निशाण असेल तिथे आत शिरायचं नाही. आपली फेरी त्या भागाबाहेर आहे.

ऑगस्टमध्ये जावं. हेदर जांभळं आणि गॉर्स पिवळं, दोन्ही एकाच वेळी फुललेलं असतं आणि उजेड रात्री आठपर्यंत पुरतो. घरी एका माणसाला वाट आणि परतायची वेळ लिहून द्या. संकटात 999 किंवा 112 फिरवून आधी पोलीस आणि मग डोंगरी बचावपथक मागायचं. फोनला रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.