चिखलातला सुरुंग आणि थंडगार कडे

१८ फेब्रुवारी १९९१ रोजी इराणच्या आखातात 'ट्रिपोली' आणि 'प्रिन्स्टन' या दोन अमेरिकन युद्धनौका काही तासांच्या अंतराने पाणसुरुंगांनी जायबंदी झाल्या. असे सुरुंग सहसा ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून शोधतात. पण सुरुंग तळाच्या चिखलात गाडला गेला, तर प्रतिध्वनी फारसा उपयोगी पडत नाही. मग काय करावे?

पोलादी सुरुंगामुळे आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र किंचित बदलते आणि चिखल त्याला अडवत नाही. मात्र येथे वेगळीच अडचण येते. होकायंत्राजवळ लोखंडी पक्कड न्या. चार बोटांवर सुई हलेल, दोन विती दूर नेताच ती स्वस्थ राहील. कारण अंतर दुप्पट झाले की अशा वस्तूचे क्षेत्र आठवा भाग उरते आणि दहापट झाले की हजारावा! दूरच्या सुरुंगाचे क्षेत्र जेमतेम काही नॅनोटेस्ला भरते. पृथ्वीचे मात्र ३०,००० ते ६०,००० नॅनोटेस्ला असते.

एवढा सूक्ष्म बदल टिपतो 'स्क्विड'. पारा सुमारे ४.२ केल्व्हिनपर्यंत थंड केला की त्याचा विद्युत्‌रोध नाहीसा होतो, हे कॅमर्लिंग ओनेस यांना १९११ मध्ये आढळले. हीच अतिसंवाहकता. दोन अतिसंवाहकांमधील अतिशय पातळ विसंवाहक थरातूनही विभवांतराशिवाय प्रवाह वाहू शकेल, असे भाकीत जोसेफसन यांनी १९६२ मध्ये केले. अतिसंवाहक कड्यात असे दोन सांधे ठेवून योग्य प्रवाह सोडला, तर कड्यातून जाणारा चुंबकीय स्रोत जरासा बदलताच सांध्यांवरील विभवांतर बदलते. १९६४ मध्ये असे कडे प्रत्यक्षात आले. पृथ्वीच्या क्षेत्राच्या अब्जाव्या भागाएवढा बदलही ते ओळखू शकते.

पण नुसती संवेदनक्षमता पुरत नाही. लाटेवर उपकरण किंचित कलले, तरी पृथ्वीच्या क्षेत्राचे माप बदलते आणि सुरुंगाचा संकेत त्यात बुडून जातो. म्हणून दोन सारखी वेटोळी थोड्या अंतरावर ठेवून परस्परविरुद्ध जोडतात. पृथ्वीचे क्षेत्र दोन्हींत जवळजवळ सारखे, म्हणून ते वजा होते. सुरुंगाचे क्षेत्र जवळच्या वेटोळ्यात अधिक, म्हणून फरक शिल्लक राहतो. तो फरक स्क्विड मोजतो.

तरीही लक्षात ठेवा, प्लॅस्टिकच्या कवचाचा सुरुंग या उपकरणाला चुकवू शकतो आणि तळावरचा गंजका नांगर त्याला सुरुंगासारखा भासू शकतो. म्हणून जाणते शोधक ध्वनी आणि चुंबकत्व या दोघांचीही साक्ष काढतात.