डोमेन मिळालं, म्हणजे नाव मिळालं असं नाही
(घरबसल्या दुकान : लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात कबूल केलेलं पेमेंट गेटवेचं प्रकरण या वेळी येणार नाही. साधा क्यूआर कोड आणि गेटवे यांत फरक काय, पैसे खात्यात कधी पडतात, ग्राहकाने तक्रार केली की रक्कम कुठे अडकते, हे सगळं पुढच्या लेखांकात. मध्येच दापोलीकडच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे आणि त्याचं उत्तर आधी दिलेलं बरं. पाउच छापायला टाकल्यावर ते उत्तर मिळालं तर त्याची किंमत फार पडते.

या ताई कोकमाचं आगळ, सोलं, मेतकूट आणि कैरीचं लोणचं विकतात. आजवरचा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवरचा. लेखमाला वाचत त्यांनी उद्यम नोंदणी केली, अन्न परवान्याचं काम उरकलं, मनाजोगतं नाव शोधलं आणि त्या नावाचं डॉट इन डोमेनही घेतलं. लेबलचं डिझाइन तयार झालं, आणि तेवढ्यात पुतण्या म्हणाला, ‘काकू, या नावाचा मसाला मी पुण्यात पाहिलाय.’ ताईंचा प्रश्न असा : डोमेन तर मला मिळालं, उद्यमच्या प्रमाणपत्रावरही तेच नाव आहे, मग नाव माझंच झालं ना?

नाही झालं. आणि हा गैरसमज इतका सरसकट आहे की त्यावर अख्खा लेखांक खर्च करायला हरकत नाही.

डोमेन देणारा रजिस्ट्रार एकच गोष्ट बघतो : अक्षरांची नेमकी हीच ओळ कुणी घेतली आहे का? एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी त्याच्या लेखी ते वेगळं नाव. उद्यमचं पोर्टल १ जुलै २०२० पासून चालू आहे. तिथली नोंदणी मोफत, आधारवर आधारलेली आणि स्वयंघोषणेची. त्यात तुमच्या उद्योगाचं नाव येतं, पण तेच नाव दुसऱ्या कुणाला मिळणार नाही याची हमी ते पोर्टल देत नाही. अन्न परवान्याचंही तसंच. मालावरच्या नावाचा हक्क हा ट्रेडमार्कचा विषय आहे, आणि ते दप्तर वेगळ्याच ठिकाणी असतं.

एका अक्षराने काय होतं, याचा धडा मुंबईतच गिरवला गेला आहे. रेडिफ ही मुंबईची कंपनी १९९६ पासून इंटरनेटवर आहे. तिचं संकेतस्थळ नावारूपाला आल्यावर सायबरबूथ नावाच्या मंडळींनी ‘रॅडिफ’ हे डोमेन घेतलं. स्पेलिंगमध्ये फरक एका स्वराचा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. हे नाव कुठून सुचलं, याचा खुलासा प्रतिवादींनी असा केला की ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरं आणि मग ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’ व ‘फ्री’ यांचं एकेक आद्याक्षर जोडलं की ‘रॅडिफ’ तयार होतं! न्यायालयाला हे पटलं नाही. १९९९च्या त्या आदेशात न्यायालयाने म्हटलं की डोमेन हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, ट्रेडमार्कइतकंच संरक्षण त्यालाही मिळायला हवं. पुढे २००४ साली ‘सिफी’ आणि ‘सिफ्फी’ या नावांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. दोन्ही ठिकाणी डोमेन रीतसर, पैसे भरून घेतलेलं होतं आणि रजिस्ट्रारने ते विनातक्रार दिलं होतं. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

मग खात्री करायची कुठे? आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा ‘पब्लिक सर्च’ आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही. नवा उद्योजक ज्या सरकारी पानांकडे वळतो, त्यांत प्रस्तुत लेखकाच्या मते सगळ्यांत उपयोगाचं आणि सगळ्यांत कमी वापरलं जाणारं पान हेच.

तिथे शोधायचे तीन मार्ग आहेत. ‘वर्डमार्क’ म्हणजे शब्द जसाच्या तसा. ‘फोनेटिक’ म्हणजे उच्चाराने जवळचे शब्द. तिसरा ‘व्हिएन्ना कोड’, तो लोगोतल्या चित्रांसाठी. वर्डमार्कमध्ये पुन्हा तीन पर्याय येतात : या अक्षरांनी सुरू होणारं, ही अक्षरं कुठेही असणारं, आणि तंतोतंत हेच. बहुतेक जण तंतोतंतचा पर्याय निवडतात, काही सापडलं नाही की खूश होऊन पान बंद करतात. तिथेच फसतात. शोध घ्यावा ‘कुठेही असणारं’ या पर्यायाने, आणि त्यानंतर फोनेटिकने.

मराठी नावांना तर हे दुप्पट लागू आहे, कारण आपलं नाव रोमन लिपीत कोण कसं लिहील याचा नेम नाही. उदाहरणापुरतं ‘माजघर’ घेऊ. कुणी पहिल्या मा-ला एक ए लावतो, कुणी दोन. ज-साठी कुणी जे लिहितो, कुणी झेड, कारण या शब्दातला ज ‘जहाज’मधला आहे, ‘जीव’मधला नाही. ज-नंतर एखादा ए जास्तीचा येतो तो वेगळाच. एवढ्यातच आठ स्पेलिंगं झाली. ती सगळी कागदावर लिहून एकेक तपासावीत. ट्रेडमार्कचा अर्ज तपासणारा परीक्षक नाव बघतो तेव्हा ते दिसतं कसं याबरोबर ऐकू कसं येतं हेही पाहतो. त्यामुळे ‘माझं स्पेलिंग वेगळं आहे’ या बचावावर फार विसंबू नये.

शोध घेताना पान आणखी एक गोष्ट विचारतं : वर्ग कोणता? इथे पुष्कळांचं गाडं अडतं. ट्रेडमार्कसाठी जगभरातल्या वस्तू आणि सेवा ४५ वर्गांत वाटलेल्या आहेत, १ ते ३४ वस्तू आणि ३५ ते ४५ सेवा. ताईंचा माल या कोष्टकात ठेवून बघा. लोणचं वर्ग २९ मध्ये. वाळवून टिकवलेली फळंही तिथेच, म्हणजे सोलं २९ मध्ये. मसाले, पिठं, पापड वर्ग ३० मध्ये, म्हणून मेतकूट तिकडे. सरबतं आणि पेयांचे अर्क वर्ग ३२ मध्ये, म्हणजे आगळ बाटलीत भरून सरबतासाठी विकलं की ते ३२ मध्ये. उद्या त्यांनी हापूसची पेटी त्याच नावाने पाठवली तर ताजी फळं वर्ग ३१ मध्ये. दिवाळीत उटणं काढलं तर ते वर्ग ३. एकाच स्वयंपाकघरातून निघालेल्या मालाला सहज पाच वर्ग लागतात!

याचा हिशेब खिशाशी येतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. बाकीच्यांना ते ९,००० पडतं. पाच वर्ग म्हणजे २२,५००. ताईंनी एकदम सगळे वर्ग घेऊ नयेत. ज्या मालावर घर चालतं त्याचा वर्ग आधी, बाकीचे नंतर. शोध मात्र पाचही वर्गांत घ्यावा, त्याला दमडी लागत नाही. मसाल्याच्या वर्गात एखादं नाव दुसऱ्याचं असेल, तर लोणच्याच्या वर्गात ते मोकळं दिसलं तरी निर्धास्त होऊ नये. दोन्ही माल एकाच दुकानात एकाच फळीवर बसतात. गिऱ्हाईक फसू शकतं का, हाच शेवटी कळीचा प्रश्न असतो.

निकालांच्या यादीत प्रत्येक नावापुढे त्याची सद्यस्थिती असते. ‘रजिस्टर्ड’ कळायला सोपं. ‘ऑब्जेक्टेड’ वाचून मात्र लोक उगाच आनंदतात, की चला, याचा अर्ज फेटाळला. तसं नसतं. परीक्षकाने हरकत काढली आहे आणि अर्जदाराला उत्तर द्यायची संधी आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘ऑपोज्ड’ म्हणजे तिसऱ्याच माणसाने विरोध केला आहे. अर्ज परीक्षेतून पुढे सरकला की ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो आणि त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. ‘अबॅन्डन्ड’ म्हणजे अर्ज वाऱ्यावर सोडलेला. हेही नाव बिनधास्त उचलू नये. अर्ज सुटला म्हणून दुकान बंद झालं असं होत नाही.

म्हणूनच नोंदीतला एक रकाना डोळ्यांत तेल घालून वाचावा : हे नाव कधीपासून वापरात आहे. कुणी तिथे ‘वापरण्याचा मानस’ लिहिलेलं असतं, कुणी एखादी जुनी तारीख. आपल्याकडे नोंदणी आधी कुणाची झाली यापेक्षा वापर आधी कुणाचा, याला वजन जास्त आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीला हलव्याचं एक नामांकित दुकान आहे, इरुट्टुक्कडै. म्हणजे अंधारं दुकान. हा हलवा १९०० सालापासून विकला जात असल्याचा त्या घराण्याचा दावा होता. दुसऱ्याने त्याच नावाआधी ‘तिरुनेलवेली’ जोडून हलवा विकायला घेतला आणि त्याचीही नोंदणी मिळवली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ साली निकाल लागला तो जुन्या वापरकर्त्याच्या बाजूने. नोंदणीचा कागद हातात असूनही आधीच्या वापरापुढे तो उणा पडला. गावागावांत नोंदणीचं नावही न काढता पिढ्यान्‌पिढ्या चाललेली दुकानं आहेत. ती पब्लिक सर्चमध्ये दिसणार नाहीत. त्यासाठी नकाशांवर, इन्स्टाग्रामवर, मोठ्या बाजारपेठांच्या अ‍ॅपवर तेच नाव शोधायचं. पुतण्याने पुण्यात पाहिलेला मसाला याच जातीचा असू शकतो.

कोकणातल्या वाचकांनी आणखी एक दप्तर बघावं : भौगोलिक निर्देशन, म्हणजेच जीआय. त्याची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते आणि यादी इंटरनेटवर खुली आहे. हापूस, कोल्हापुरी चप्पल, पैठणी, सोलापुरी चादर, पुणेरी पगडी, वायगावची हळद ही सगळी नावं त्या यादीत आहेत. अशी नावं त्या भागातल्या उत्पादकांच्या सामाईक मालकीची. आपल्या ब्रँडमध्ये घालून ती खासगी करून घेता येत नाहीत. मात्र खरोखर त्या भागात तो माल पिकवणाऱ्या किंवा बनवणाऱ्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवता येतं आणि २०२० पासून त्याचं अर्जशुल्क अवघं १० रुपये आहे. ताईंच्या वाडीत हापूसची कलमं असतील तर हे काम त्यांनी जरूर करावं.

डोमेनबद्दल थोडं. घेण्यापूर्वी ते आधी कुणाकडे होतं का, हे इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर बघता येतं. २००१ पासून लोकांसाठी खुलं असलेलं हे साधन संकेतस्थळांची जुनी रूपं जपून ठेवतं. कोरं वाटणारं एखादं नाव पूर्वी जुगाराच्या साइटसाठी वापरलेलं निघतं, आणि तो जुना डाग नव्या मालकाला निस्तरावा लागतो. देवनागरी डॉट भारत २०१४ पासून मिळतं, त्यात मराठी आणि कोंकणी दोन्ही बसतात. ‘ळ’सकट आपलं नाव पत्त्यात दिसणं हा आनंद मोठा आहे आणि तो जरूर घ्यावा. पण एकट्या त्याच्यावर दुकान उभारू नये. यंत्रं आतून त्याचं रोमन अक्षरांत रूपांतर करतात आणि काही ठिकाणी दुव्यात किंवा ईमेलमध्ये तेच अगम्य रूप ग्राहकापुढे येतं. डॉट इन मुख्य, डॉट भारत जोडीला, ही व्यवस्था सध्या बरी.

अर्ज केल्यावर नावापुढे बारीक ‘टीएम’ लिहायला हरकत नाही. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्याशिवाय छापू नये, ते कायद्याला धरून नाही. लेबल छापणारे हौसेने तो टाकून देतात, म्हणून प्रूफ बघतानाच तपासावं. आणि अर्ज दाखल होताच अर्जदाराची माहिती सगळ्यांना दिसू लागते. मग पत्रं येतात, ईमेल येतात : अमुक आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नाव घालण्यासाठी एवढे डॉलर भरा. मुद्रा, क्रमांक, अंतिम तारीख, सगळं अगदी खरं वाटावं असं. अशा बनावट बिलांबद्दल जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने आपल्या संकेतस्थळावर नमुन्यांसकट इशारे दिलेले आहेत. असं काही आलं तर पैसे भरण्याआधी ते पान उघडून नमुना ताडून पाहावा.

आता ताईंना नेमकं उत्तर. पाउच थांबवा. आपल्या नावाची होतील तेवढी सगळी स्पेलिंगं घेऊन पाचही वर्गांत शोध घ्या. आलेल्या प्रत्येक नोंदीची सद्यस्थिती आणि वापराची तारीख वहीत उतरवा. पुतण्याला त्या मसाल्याच्या पाकिटाचा मागून-पुढून फोटो काढून पाठवायला सांगा. पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक छापणं बंधनकारक असतं. तो क्रमांक ‘१’ने सुरू होत असेल तर परवाना आहे, ‘२’ने सुरू होत असेल तर छोट्या व्यावसायिकाची साधी नोंदणी आहे. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी ते ‘१५’ असतात. त्यानंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे माणूस आपल्याच राज्यातला आहे का, लहान आहे की मोठा आणि हा क्रमांक त्याला कोणत्या साली मिळाला, एवढं त्या फोटोवरून घरबसल्या कळेल. तो मसाला खरोखर आधीपासून बाजारात असेल, तर नाव बदला. डोमेनचे थोडे पैसे जातील, जाऊ द्या. नव्या नावात आपलं आडनाव, गाव किंवा मालाचंच वर्णन घेण्याचा मोह टाळा. ‘शुद्ध कोकम’ किंवा ‘घरगुती लोणचं’ असल्या वर्णनपर नावांना संरक्षण मिळणं मुळातच अवघड असतं, कारण ते शब्द सगळ्यांच्या वापराचे आहेत.

नवं नाव ठरलं की ताईंनी ते जरूर कळवावं. पापडाच्या वर्गाचं एक कोडं दुसऱ्या एका वाचकाने घातलं आहे, बटाट्याचा पापड ३० मध्ये की २९ मध्ये? त्याचा निकाल आणि राहिलेला पेमेंट गेटवे, दोन्ही पुढच्या आठवड्यात.