कसेरू : नाव आणि लागवड

श्रीपूरसारख्या कालव्याच्या व उसाच्या मुलखात ‘लव्हाळा’ हा शब्द शत्रुवाचकच आहे. ओल्या जागी उगवणारे तिधारी दांड्याचे कोणतेही रोप ह्या एका नावाखाली खणून टाकले जाते, आणि त्यात कसेरूसारखी उपयुक्त वनस्पतीही जाण्याचा संभव असतो.

जुन्या भाषेत हा घोटाळा नव्हता. लव्हाळ्याच्या कंदास संस्कृतात ‘मुस्ता’ म्हणत. त्यापासून प्राकृत ‘मोत्था’ व मराठी ‘मोथा’ झाले. अमरकोशाने मेघाची सर्व नावे त्यास लावली आहेत. ‘कशेरु’ मात्र वेगळा शब्द. चरकसंहितेत तो शिंगाड्याच्या जोडीने खाद्य कंद म्हणून येतो. (पाठीच्या मणक्यासही ‘कशेरुका’ म्हणतात.) रॉक्सबर्गने ह्या वनस्पतीस ‘स्किर्पस किसूर’ म्हटले, तेव्हा त्याने देशी नावच लॅटिन वेषात नेले. आज ती ‘ॲक्टिनोस्किर्पस ग्रॉसस’ ह्या जातीत गणली जाते.

दोन्ही एकाच कुळातली, परंतु स्वभाव विरुद्ध. लव्हाळ्याचे कंद सुतळीसारख्या भूमिगत खोडांनी साखळीत जोडलेले असतात. नांगराने साखळी तुटली की सुटलेल्या कंदांतून नवे कोंब निघतात; म्हणजे नांगरणीच त्याची लागवड करते. त्याचा कंद सुगंधी पण कडवट लागतो. कसेरू पुरुषभर उंच वाढतो, त्याचा कंद गोडसर असतो, आणि त्याला उभे पाणी लागते. तळे बुजले की तोही संपतो.

म्हणून लागवडीत प्रश्न पाण्याचा आहे. काळी जमीन चिखलणी केल्यास पाणी धरते, पण वाळली की भेगाळते आणि मुळे तुटतात. कालव्याखालची चोपण जमीन टाळावी. पावसाळ्यापूर्वी कंद चिखलात उथळ लावून, कोंब वाढेल तसतसे पाणी चढवावे. कोंब बुडू देऊ नयेत. गड्डे फोडूनही लावता येतात. बियांपासून रोपे करावयाची असल्यास बी ओल्या चिखलावर नुसते पसरावे, मातीने झाकू नये; ह्या कुळातील पुष्कळ बियांना उगवण्यास प्रकाश लागतो. मात्र बियांची रोपे सावकाश वाढतात, आणि व्यवहारात कंदच सोयीचा. वाफ्यास बांध घालणे आवश्यक. सोयीची जागा मिळाल्यास कसेरूही पसरतो.

हिवाळ्यानंतर पाणी ओसरल्यावर कंद काढावेत. बेण्याचे कंद सावलीत, ओल्या वाळूत ठेवावेत. सुकलेला कंद पुढच्या हंगामात उगवत नाही.