जंतू मेले, तरी आग विझत नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक आजोबा रात्री सात वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. तीन दिवस ताप, डोके ठणकत होते, उलट्या थांबत नव्हत्या. मान पुढे वाकवताच पोर कळवळले. मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची शंका येऊन मी त्याला इंजेक्शन दिले आणि मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले.

"तिथे पाठीतले पाणी काढतील ना? पोर लुळे पडेल, डॉक्टरसाहेब!" आजोबा म्हणाले. समजूत घालता घालता आणखी वेळ गेला.

मुलगा वाचला, पण दोन्ही कानांनी बहिरा झाला. "औषधाने जंतू मेले म्हणता, मग कान कसे गेले?" आजोबांचा प्रश्न रास्त होता.

जंतू मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. जंतू मारण्यासाठी त्या प्राणवायूपासून बनलेले जहाल कण सोडतात. न्यूमोकोकस हा जंतू तर स्वतःही हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. असे कण शमवणारी द्रव्ये शरीरात असतात, पण कण बेसुमार झाले की ती अपुरी पडतात. यालाच 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. उसातले रानडुक्कर हुसकावण्यासाठी फडच पेटवावा, तसा हा प्रकार! त्यात रक्तवाहिन्या, मेंदूच्या आणि कानातल्या नाजूक पेशी होरपळतात. औषधाने मेलेल्या जंतूंचे तुकडेही काही काळ ही आग भडकवतात.

म्हणून पुष्कळदा प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी किंवा त्याच्याबरोबर डेक्सामेथासोन देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील ३०१ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात त्यामुळे मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. जहाल कण शमवणाऱ्या औषधांचा प्राण्यांवरील प्रयोगांत फायदा दिसला, पण माणसांत तो सिद्ध झालेला नाही. तेव्हा व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर विसंबू नये.

वाचकहो, ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, ताठरलेली मान, गुंगी किंवा झटके दिसले तर सकाळची वाट पाहू नका. तान्ह्या बाळाची टाळू फुगणे, दूध न पिणे हीदेखील धोक्याची खूण. पाठीतले पाणी काढल्याने माणूस लुळा पडतो ही निव्वळ भीती आहे. आजार बरा झाल्यावर कान अवश्य तपासून घ्या. हिब व न्यूमोकोकसविरुद्धच्या लसी बाळांना सरकारी लसीकरणात मोफत मिळतात, त्या चुकवू नका.

आग विझवण्यापेक्षा ती लागू न देणे केव्हाही चांगले.