डिजिटल मत्तेची उतरंड

उतरंडीतील वरचे मडके खालच्याच्या आधारावर उभे असते. सायबर सुरक्षेच्या व्यवस्थापनासाठी योजिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये डिजिटल मत्तेची मांडणी बहुधा याच तत्त्वावर होते: वर संस्थेचे कार्य, त्याखाली ते पार पाडणाऱ्या आज्ञावली व माहितीसंग्रह, आणि तळाशी सर्व्हर. ही नाती नोंदविली असली, की वरच्या कार्याचे महत्त्व खालच्या यंत्रास प्राप्त होते आणि यंत्रातील दोषाची झळ कोठवर पोहोचेल हेही उमगते. सपाट यादीतून हे उमगत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना याचा प्रत्यय ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. भारतीय भाषांतील हस्तलिखितेही जेथे जतन केलेली आहेत, त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी सायबर हल्ला केला. ग्रंथालयाच्या मार्च २०२४ च्या अहवालानुसार डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या. परंतु काही सर्व्हर उद्ध्वस्त झाले होते आणि अनेक जुन्या आज्ञावली पुन्हा उभ्या करता येण्याजोग्या नव्हत्या. मुख्य ग्रंथसूची जानेवारी २०२४ मध्ये परतली, तीही मर्यादित स्वरूपात.

तात्पर्य, प्रत जपणे आणि ती वाचकाच्या हाती देणारी उतरंड जपणे, ही दोन भिन्न कर्तव्ये होत. दुसऱ्याची नोंद नसेल, तर पहिले निष्फळ ठरू शकते.