गहू वर्ज्य असलेल्या मुलाचा खाऊ

वर्गात कोणाचा वाढदिवस असला की बिस्किटांचा पुडा बाकांवरून फिरतो. माझ्या वर्गातील एक मुलगी तो न उघडता पुढे सरकवीत असे. चौकशी केली तेव्हा तिच्या आईने सांगितले, "बाई, तिला सीलिॲक आहे. गहू जन्मभर वर्ज्य." त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास करू लागले.

गहू, जव (म्हणजे सातू) आणि राय नावाचे परदेशी धान्य यांत ग्लूटेन असते. या विकारात त्याच्या योगाने शरीराची संरक्षक शक्तीच बिथरून लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, पोटफुगी, रक्तक्षय होतो, उंची खुंटते. उत्तर भारताच्या मानाने दक्षिणेत हा विकार कमी आढळतो, म्हणून आपल्याकडे तो चटकन ध्यानात येत नाही. शंका आल्यास डॉक्टरांना भेटावे. तपासणीपूर्वी मात्र गहू बंद करू नये, कारण मग निदान फसते. पथ्य हाच उपाय, हे हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले.

आपले भाग्य असे की हुबळी-धारवाडकडील मुख्य धान्य ज्वारी, आणि तिच्यात हे ग्लूटेन नाही. तांदूळ, नाचणी, राळे, हरभरा हीही धान्ये निर्धोक. अडचण एकच: गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारे ग्लूटेनच, ते नसले की पदार्थ भुरभुरतो. म्हणूनच भाकरीचे पीठ आपण कढत पाण्यात मळतो. नानकटाई मात्र खुसखुशीतच हवी असते, तेव्हा तेथे हा दोष गुण ठरतो.

दोन वाट्या ज्वारीचे पीठ व एक वाटी बेसन मंद आचेवर किंचित भाजून पूर्ण निववावे. एक वाटी तूप व एक वाटी पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसून त्यात चमचाभर दही, चिमूटभर खाण्याचा सोडा व वेलदोड्याची पूड घालावी. पीठ मिसळून अर्धा तास झाकून ठेवावे. ज्वारी ओलावा सावकाश शोषते. गोळे करून १६० ते १७० अंशांवर सुमारे वीस मिनिटे भाजावे. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर, त्यावर तिवई व ताटली ठेवून झाकण घालावे. गरम असता उचलू नये. निवल्यावरच घट्ट होतात.

खरा धोका कृतीत नसून बाजूला सांडलेल्या पिठात असतो. गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचे पीठ ज्वारीत मिसळते. म्हणून ज्वारी निवडून घरच्या यंत्रावर किंवा जात्यावर वेगळी दळावी. पूर्वी सणाआधी नानकटाईचे गोळे बेकरीत भाजावयास नेण्याची रीत होती. या मुलासाठी ती टाळावी, कारण तेथील पत्र्यांवर मैदा असतोच. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ घातलेले असते. ईदच्या शीरखुर्म्यातील शेवयाही गव्हाच्या. त्याऐवजी तांदळाच्या घ्याव्यात. चाळणी, पोळपाट, डबा निराळा ठेवावा.

"एवढ्याशाने काय होते?" असे आजी-आजोबा प्रेमाने म्हणतात. आपल्या देशातील नियमाप्रमाणे 'ग्लूटेनमुक्त' म्हणविणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. यावरून एका घासाचे मोल कळावे. म्हणून पथ्य आईपुरते न राहता सगळ्या घराला, शेजाऱ्यांना आणि शिक्षकांना ठाऊक असले पाहिजे.

गेल्या वाढदिवशी त्या मुलीने घरच्या नानकटायांचा डबा आणला. या खेपेस डबा बाकांवरून फिरला, आणि पहिली नानकटाई तिने स्वतः उचलली.